‘बाग’ आणि ‘व्हिनयार्ड’ : द्राक्षप्रदेशातील सुट्टीच्या दृष्टीची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : द्राक्षबाग, वाइन पर्यटन, निसर्गदृश्य, शेतश्रम, उगमनाम, भौगोलिक मानांकन, खान्देश

१. प्रस्तावना

मराठीतील ‘बाग’ हा शब्द दोन वेगवेगळ्या जगांत वावरतो. शहरातील माणूस ‘बागेत’ फिरायला जातो; सावदा-रावेर परिसरातील माणूस ‘बागेत’ कामाला जातो. या परिसरात बाग म्हणजे केळीची बाग. मृगबाग, कांदेबाग, पिलबाग ही तिची नावे लागवडीच्या हंगामावरून आणि पद्धतीवरून पडलेली आहेत. त्यांत पाणी, खत, मजुरी आणि भाव यांचा हिशेब आहे. विरंगुळ्याची छटा नाही. नाशिक जिल्ह्यात हाच शब्द द्राक्षबाग असा येतो. निफाड-दिंडोरीचा शेतकरी आपल्या शेताला द्राक्षबाग म्हणतो. त्याच तालुक्यांतील एखाद्या बागेला वाइननिर्मितीची, निवासाची आणि चवदालनाची जोड मिळाली की तिचे नाव ‘व्हिनयार्ड’ होते. पीक द्राक्षाचेच राहते, मातीही तीच असते. मात्र शब्द बदलताच पाहणारा बदलतो.

प्रस्तुत लेखात या शब्दबदलामागील दृष्टिबदलाची चिकित्सा केली आहे. ऐतिहासिक फ्रेंच द्राक्षप्रदेशात सुट्टी घालविण्याची कल्पना गेल्या काही दशकांत जगभर रूढ झाली. मराठी मध्यमवर्गाने ती प्रथम पुस्तके, चित्रपट आणि युरोप सहली यांतून अनुभवली. पुढे तिचे स्थानिक रूप नाशिकला उभे राहिले. आता कृषी पर्यटनाच्या चर्चेतून हीच कल्पना अन्य पिकांच्या प्रदेशांपर्यंत पोहोचत आहे. अशा वेळी या कल्पनेत शेताचा कोणता भाग दिसतो आणि कोणता झाकला जातो, हा प्रश्न केवळ पर्यटनशास्त्राचा उरत नाही. तो साहित्याचा, इतिहासाचा आणि अर्थकारणाचाही होतो. खान्देशच्या केळीपट्ट्याला तर या प्रश्नाचे उत्तर लवकरच आपल्यापुरते शोधावे लागणार आहे.

२. सुट्टी : काळ नव्हे, दृष्टी

सुट्टी म्हणजे कामातून मोकळा झालेला काळ, अशी सर्वसाधारण व्याख्या केली जाते. परंतु सुट्टी ही पाहण्याची एक रीतही आहे. वेल्श समीक्षक रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात निसर्गदृश्याच्या कल्पनेविषयी एक मूलगामी मुद्दा मांडला आहे. राबते शेत सहसा दृश्य होत नाही. ते दृश्य व्हावे यासाठी पाहणारा त्यापासून अलग व्हावा लागतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. जॉन उरी यांनी ‘द टूरिस्ट गेझ’ (१९९०) या ग्रंथात पर्यटकाची नजर ही सामाजिक रीत्या घडविलेली असते, हे दाखविले. काय पाहावे, कोठे थांबावे, कशाचे छायाचित्र घ्यावे हे पर्यटक निघण्यापूर्वीच ठरलेले असते.

मराठी परंपरेत प्रवासाची मूळ रूपे यापेक्षा वेगळी आहेत. वारी ही सुट्टी नाही. १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघालेले गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने, म्हणजे उपजीविकेसाठी निघाले होते. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ची वाट कर्ज आणि पोट यांच्या चिंतेतून निघते. ग्रामीण सुट्टीचे मराठीतील खरे रूप म्हणजे मामाचा गाव. तेथे जाणारे मूल पाहुणे असले तरी परके नसते. सकाळी ते विहिरीवर जाते, दुपारी राखणीला बसते, संध्याकाळी गुरांमागे धावते. मामाच्या शेतावर यंदा गारपीट झाली की नाही, हे त्याला घरातल्या बोलण्यावरून कळते. नात्याने जोडलेल्या या सुट्टीत शेताचे दुःख लपत नाही.

पैसे देऊन घेतलेल्या ग्रामीण सुट्टीत हे नाते नसते. त्याची उणीव भरून काढण्यासाठी दृश्य, चव आणि कथा यांची मांडणी करावी लागते. या मांडणीचा सर्वांत घडीव नमुना फ्रेंच द्राक्षप्रदेशाच्या वाङ्मयीन चित्रणात आढळतो.

३. प्रोव्हान्समधील एक वर्ष आणि फॉस्तँची तक्रार

फ्रेंच ग्रामीण भागातील सुट्टीची कल्पना इंग्रजी वाचकांपर्यंत, आणि त्यांच्यामार्फत भारतीय वाचकांपर्यंत, नेण्यात पीटर मेल यांच्या ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ (१९८९) या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. जाहिरात व्यवसायातून निवृत्त झालेले मेल पत्नीसह दक्षिण फ्रान्समधील मेनेर्ब या गावाजवळ एका जुन्या शेतघरात राहायला गेले. पुस्तकाची रचना जानेवारी ते डिसेंबर अशा बारा प्रकरणांची आहे. वरवर पाहता ही शेतकऱ्याची कालगणना वाटते. प्रत्यक्षात महिन्यांना आकार मिळतो तो घराची दुरुस्ती, भोजन, बाजार आणि पाहुणे यांच्यामुळे. शेतीचे वेळापत्रक पार्श्वभूमीला राहते.

या पुस्तकाचे श्रेय नाकारता येणार नाही. मेल यांचा विनोद निर्मळ आहे, स्वतःच्या अज्ञानावरही ते हसतात आणि अन्नाविषयीचा त्यांचा आनंद खरा आहे. तथापि सावद्यासारख्या गावातील वाचक ज्या ठिकाणी थबकेल, ती जागा निराळी आहे. मेल यांच्या घराभोवती द्राक्षवेली आहेत आणि त्या कसतो फॉस्तँ नावाचा शेजारी शेतकरी. त्यांच्यातील व्यवहार ‘मेतायाज’ या जुन्या पद्धतीचा आहे. जमीनमालकाने नव्या वेलींचा खर्च करायचा, शेतकऱ्याने सारे श्रम करायचे आणि उत्पन्नाचा एक तृतीयांश मालकाला, दोन तृतीयांश शेतकऱ्याला. ही पद्धत बटाईची आहे, हे खान्देशातील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. वाटणीचे प्रमाण काय, खर्च कोणाकडे, बाग वाया गेल्यास भार कोणी सोसायचा, हे प्रश्न त्याच्या मनात तत्काळ उभे राहतात. पुस्तकात मात्र हा व्यवहार प्रोव्हान्सच्या गमतीदार रीतिरिवाजांपैकी एक म्हणून येतो आणि जातो.

फॉस्तँ हवामानाविषयी सतत निराश असतो. पाऊस आला तरी त्याला काळजी, न आला तरी काळजी. लेखकाने ही निराशा सौम्य विनोदाचा विषय केली आहे आणि ती वाचताना हसू येते, यात शंका नाही. परंतु मे महिन्याच्या अखेरीस वादळी वाऱ्याने घडाने लदलेली केळी एका रात्रीत आडवी झालेली ज्याने पाहिली आहे, त्याला फॉस्तँची तक्रार स्वभावविशेष वाटणार नाही. ती त्याला त्या वर्षाची जमाखर्चाची वही वाटेल. एकाच वाक्याचे हे दोन अर्थ वाचकाच्या स्थानातून निर्माण होतात. सुट्टीवरील माणसाला हवामान म्हणजे दिवस कसा जाईल याची सूचना. शेतकऱ्याला ते वर्ष कसे जाईल याची.

रोलाँ बार्त यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या संग्रहातील वाइन आणि दूध यांवरील निबंधात या दुहेरी अर्थाच्या मुळाशी हात घातला आहे. वाइन हे फ्रेंचांचे राष्ट्रीय मिथक आहे. ती पिणे म्हणजे समाजाचा घटक असल्याचे सिद्ध करणे, असे बार्त दाखवितात. निबंधाच्या शेवटी ते एकदम अल्जीरियाकडे वळतात. ज्यांच्या जमिनी काढून घेतल्या त्या मुसलमान शेतकऱ्यांच्या भूमीवर वसाहतकारांनी द्राक्षांचे पीक लादले. ज्यांना भाकरीची वाण होती, त्यांच्या जमिनीत त्यांना निरुपयोगी असलेले पीक उभे राहिले. वाइन गोड असली तरी निष्पाप नाही, हा बार्त यांचा निष्कर्ष सुट्टीच्या वाङ्मयालाही लागू पडतो. निळीच्या सक्तीचा इतिहास वाचलेल्या भारतीय वाचकाला त्याचा अर्थ समजण्यास विलंब लागू नये.

४. दगडी गावामागील इतिहास : सेंत-एमिलियाँ

ललित वाङ्मयाकडून प्रत्यक्ष प्रदेशाकडे वळले असता चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. बोर्दोजवळील सेंत-एमिलियाँ आणि त्याच्या अधिकारक्षेत्रातील आठ गावे यांचा समावेश युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारसा यादीत केला. द्राक्षशेतीचा भूप्रदेश म्हणून या यादीत आलेला हा पहिला प्रदेश होय. रोमनांनी येथे द्राक्षलागवड आणली. मध्ययुगात सांतियागोकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर मठ, चर्च आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. एका अखंड खडकात कोरलेले चर्च, चुनखडीच्या खाणींची भुयारे, उतरत्या गल्ल्या आणि गावाच्या वेशीला भिडलेल्या वेली हे सारे पर्यटकाला एका दिवसात पाहता येते. अखंड खडकातील लेण्यांची सवय असलेल्या मराठी प्रवाशाला तर त्या चर्चसमोर वेरूळची आठवण व्हावी.

पण या प्रदेशाचे ऐतिहासिकत्व केवळ दगडात नाही. १८८४ मध्ये सेंत-एमिलियाँच्या द्राक्ष उत्पादकांनी आपला संघ स्थापन केला. फ्रान्समधील अशा प्रकारचा तो पहिला संघ मानला जातो. १९३२ मध्ये जिरोंद विभागातील पहिले सहकारी वाइनगृह येथेच निघाले. १८६० च्या दशकापासून फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या होत्या. अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलींचे कलम करून बागा पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. आज जी वेल प्राचीन परंपरेची खूण म्हणून दाखविली जाते, तिचे मूळ बहुतेक ठिकाणी अमेरिकन वंशाचे आहे. परंपरा ही अशी मोडून पुन्हा जोडलेली असते.

या आपत्तीनंतर भेसळीचे संकट आले. साखर आणि पाणी मिसळून केलेल्या वाइनने व आयात मालाने भाव कोसळले. १९०७ मध्ये दक्षिणेकडील लाँगदोक प्रांतात मार्सेलाँ आल्बेर या लहान उत्पादकाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. ९ जून १९०७ रोजी माँपेलिए शहरात लाखो लोक जमले. नारबॉनमध्ये सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. त्याच परिसरातील तरुणांचा भरणा असलेल्या सतराव्या पायदळ पलटणीने बंड केले. त्या महिन्याअखेर भेसळीविरुद्ध कायदा झाला. १९११ मध्ये शँपेन प्रदेशातील उत्पादकांनी बाहेरची स्वस्त द्राक्षे आणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तळघरांवर हल्ले केले. या संघर्षांच्या दीर्घ परिणामातून १९३५ मध्ये नियंत्रित उगमनामाची व्यवस्था कायद्याने प्रस्थापित झाली. कोणत्या गावाच्या नावाने कोणती वाइन विकता येईल, त्यासाठी कोणत्या जातीची द्राक्षे, किती उत्पादन आणि कोणती पद्धत, हे तिने निश्चित केले.

म्हणजे फ्रेंच गावाचे नाव ही केवळ काव्यात्म वस्तू नाही. ते उत्पादकांनी झगडून मिळविलेले कायदेशीर साधन आहे. सुट्टीवर आलेला प्रवासी बाटलीवरील ज्या नावाने मोहित होतो, त्या नावामागे मोर्चा, गोळीबार आणि कायदा आहे. पर्यटनाची मांडणी त्यातील मठ आणि किल्ला पुढे करते. मोर्चा मागे राहतो. ‘शातो’ या शब्दाचा मूळ अर्थ गढी किंवा राजवाडा असला तरी बोर्दोत तो वाइन उत्पादक मळ्याचे नाव म्हणून वापरला जातो आणि अशा अनेक ‘शातों’मध्ये साध्या घरापलीकडे काही नसते, ही गोष्टही येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

हा इतिहास संपलेला नाही. सप्टेंबर २०२३ मधील द्राक्षतोडणीच्या वेळी शँपेन प्रदेशात तीव्र उष्णतेत काही हंगामी मजूर मृत्युमुखी पडले. त्याच हंगामात स्थलांतरित तोडणी मजुरांना अमानुष स्थितीत ठेवल्याच्या प्रकरणी २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने तिघांना दोषी ठरविले. वाइनची मागणी घटल्यामुळे बोर्दो प्रदेशात २०२३ पासून अनुदान देऊन हजारो हेक्टर द्राक्षबागा उपटण्याची योजना राबविली गेली. चित्रातील शांत वेलींमागे मजुरी, हवामान आणि बाजार यांची ही अस्वस्थता आहे.

५. नाशिक : व्हिनयार्डचे मराठी रूप

महाराष्ट्रात फ्रेंच धर्तीच्या वाइनचा आधुनिक प्रयोग प्रथम नारायणगाव येथे १९८० च्या दशकात फ्रेंच तांत्रिक साहाय्याने झाला. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० मध्ये सुला व्हिनयार्ड्सची वाइन बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. निफाड तालुक्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्कची योजना झाली. राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला करसवलत मिळाली. २००८ मध्ये सुला फेस्ट सुरू झाला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. गंगापूर धरणाच्या परिसरात मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पर्यटकांसाठी निवास, चवदालने आणि हंगामात पायांनी द्राक्षे तुडविण्याचा खेळ हे सारे उभे राहिले.

या वाटचालीचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. कांदा आणि खाण्याची द्राक्षे यांच्या बेभरवशाच्या बाजारात कराराने ठरलेल्या भावाचा एक पर्याय काही शेतकऱ्यांना मिळाला. स्थानिक तरुणांना नवे रोजगार मिळाले. शेतीचा माल शेताजवळच प्रक्रिया होऊन विकला जाऊ शकतो, हे सिद्ध झाले. प्रश्न आहे तो या उभारणीत फ्रान्सचे काय आणले गेले आणि काय मागे राहिले, हा.

निसर्गक्रमापासूनच फरक सुरू होतो. फ्रान्समधील वेल हिवाळ्यात झोपते. वर्षात तिची एक मुख्य छाटणी होते आणि तोडणी साधारणतः सप्टेंबरमध्ये येते. नाशिकच्या उष्ण हवेत वेल झोपत नाही. तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. दोन छाटण्या आणि एक पीक, असा हा दुप्पट श्रमाचा हिशेब आहे. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च या काळात होते. याच काळात पर्यटकांचा हंगाम असतो आणि याच काळात अवकाळी पावसाची व गारपिटीची भीती असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट नाशिकच्या द्राक्ष उत्पादकांच्या स्मरणात आहे. उत्सवाचे आणि धास्तीचे महिने एकच असावेत, ही गोष्ट व्हिनयार्डच्या मांडणीत कोठेही दिसत नाही.

मजुरांचेही तेच. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी, डिपिंग, विरळणी आणि तोडणी यांसाठी पेठ, सुरगाणा, कळवण या आदिवासी भागांतून मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्या बोलीत, त्यांच्या हंगामी स्थलांतरात आणि त्यांच्या हातांच्या कौशल्यात द्राक्षाचे खरे ज्ञान साठलेले आहे. पर्यटकाला चवदालनात वाइनचा रंग, गंध आणि चव ओळखण्याचे शिक्षण दिले जाते. कोणती काडी ठेवायची आणि कोणती काढायची, हे ज्ञान मात्र प्रेक्षणीय ठरत नाही. फळ तुडविण्याच्या खेळात श्रमाची नक्कल करण्याची मुभा आहे. प्रत्यक्ष श्रम करणाऱ्याची ओळख तेथे होत नाही.

आर्थिक पातळीवर या उणिवेची किंमत एकदा मोजावी लागली. २००८-०९ च्या जागतिक मंदीत आणि मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर पर्यटन व हॉटेल व्यवसाय थंडावला, वाइनची मागणी घटली, साठे पडून राहिले. वाइनच्या जाती लावलेल्या अनेक शेतकऱ्यांना खरेदीदार उरले नाहीत. खाण्याची द्राक्षे दुसऱ्या बाजारात नेता येतात. वाइनची द्राक्षे कारखान्याविना निरुपयोगी ठरतात. परिणामी कित्येकांनी बागा उपटल्या. १९०७ चे लाँगदोक आणि २००९ चे नाशिक यांतील साम्य लक्षणीय आहे. फरक इतकाच की पहिल्या संकटाच्या परिणामांतून उत्पादकांच्या हाती नावावरचा अधिकार आला. दुसऱ्यातून तसा अधिकार घडला नाही.

उत्पादकांच्या संघटनेचा वारसा नाशिकला अपरिचित नव्हता. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० पासून कार्यरत आहे. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी द्राक्ष निर्यातीत अग्रगण्य ठरली. सेंत-एमिलियाँच्या १८८४ च्या संघाशी आत्म्याने जवळीक असेल तर ती या संस्थांची आहे. तरीही ‘भारताचे बोर्दो’ म्हणून कौतुक होते ते चवदालनांचे, मोहाडीच्या प्रतवारीगृहाचे नव्हे.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा झालेली चर्चाही उद्बोधक होती. समर्थकांनी शेतकऱ्यांचे हित पुढे केले. विरोधकांनी, त्यांत अण्णा हजारे यांनीही, व्यसनाचा धोका मांडला. दोन्ही बाजूंना आपापले वजन आहे. परंतु या संपूर्ण वादात द्राक्ष कराराने विकणाऱ्याची सौदाशक्ती आणि तोडणी मजुराची मजुरी हे विषय जवळपास अनुपस्थित होते. वाइन प्यावी की पिऊ नये, याची चर्चा झाली. ती कोणाच्या अटींवर पिकते, याची झाली नाही. सुट्टीच्या दृष्टीची ही सार्वजनिक आवृत्ती म्हणावी लागेल.

६. सावदा-फैजपूर : पाहण्याच्या दोन रीती

या पार्श्वभूमीवर खान्देशच्या केळीपट्ट्याकडे पाहता येते. सातपुड्याच्या पायथ्याचा हा प्रदेश दृश्य म्हणूनही देखणा आहे. उन्हाळ्यात आजूबाजूचे रान करपलेले असताना सावदा-रावेर मार्गावर दुतर्फा हिरवी भिंत उभी असते. सावदा रेल्वे स्थानकावरून केळीचे वॅगन दिल्लीकडे रवाना होण्याची परंपरा जुनी आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये तांदलवाडी परिसरातील मानांकित केळी दुबईला निर्यात झाली. म्हणजे फ्रान्समध्ये ज्याला उगमनाम म्हणतात, त्याचे भारतीय रूप या प्रदेशाच्या हाती आहे. ते केवळ खोक्यावरील चिठ्ठीपुरते राहते की भाव ठरविण्याच्या सामर्थ्यात रूपांतरित होते, हा खरा प्रश्न आहे. सध्या भाव आणि त्यावरील ‘फरक’ रोज जाहीर होतो. प्रत्यक्ष बांधावर मिळणारी रक्कम अनेकदा निराळी असते, ही तक्रार प्रत्येक गावात ऐकू येते.

या प्रदेशाकडे पाहण्याच्या दोन रीतींचा एक ऐतिहासिक साक्षीदार सावद्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन फैजपूर येथे भरले. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी त्यासाठी अपार कष्ट घेतले. महात्मा गांधींच्या इच्छेनुसार नंदलाल बोस यांनी बांबू व अन्य स्थानिक साहित्यातून अधिवेशननगरी सजविली. गाव येथे दृश्य झाले, सुंदर दृश्य झाले. परंतु त्याच अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला : शेतसारा व खंड यांत कपात, कर्जाच्या बोजातून दिलासा, शेतमजुरांना जगण्यापुरती मजुरी. पाहुणे आले, त्यांनी गाव पाहिले आणि गावाचा हिशेबही मांडला. सौंदर्य आणि मजुरी एकाच मंडपात आल्या. ग्रामीण भागाला भेट देण्याचा याहून परिपूर्ण आदर्श शोधण्यासाठी प्रोव्हान्सला जाण्याची आवश्यकता नाही.

खान्देशच्या साहित्यानेही हीच रीत जोपासली आहे. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या काव्यात शेत कधीही दुरून दिसत नाही. पेरणी, कापणी, मोट, जाते यांच्या लयीतूनच ते प्रकटते. ना. धों. महानोर यांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) मध्ये रानाचे सौंदर्य भरभरून आहे आणि तरीही ते रान कसणाऱ्याचे रान आहे. महानोर स्वतः फळबागा आणि पाणी यांच्या प्रश्नावर आयुष्यभर लिहीत व बोलत राहिले. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी कुणबिकीचे जग कथात्म साहित्याच्या केंद्रस्थानी आणले. या तिन्ही लेखकांत सौंदर्यदृष्टी आणि श्रमदृष्टी परस्परविरोधी नाहीत. विल्यम्स यांनी सांगितलेला अलगपणा दृश्यासाठी अनिवार्य असेलही. काव्यासाठी तो अनिवार्य नाही, हे खान्देशने सिद्ध केले आहे. विल्यम्स यांच्या सिद्धान्ताला ही महत्त्वाची पुरवणी ठरते.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, फ्रेंच द्राक्षप्रदेशातील सुट्टीच्या लोकप्रिय चित्रणात शेतकरी अनुपस्थित नसतो. तो ‘पात्र’ म्हणून उपस्थित असतो. त्याचा जमाखर्च मात्र विनोदात किंवा रीतिरिवाजात विरघळतो. दुसरा, ज्या गोष्टीमुळे हे प्रदेश टिकले, ती म्हणजे उत्पादकांचे संघ आणि नावावरील कायदेशीर हक्क. पर्यटनाच्या प्रतिमेत त्यांना सर्वांत कमी स्थान आहे. तिसरा, नाशिकने प्रतिमेचे अनुकरण त्वरेने केले. संस्थेचे अनुकरण वाइनच्या क्षेत्राबाहेर, खाण्याच्या द्राक्षांत अधिक यशस्वी झाले.

केळीपट्ट्यात उद्या पर्यटन आले तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. शहरातील मुलांना केळीचा घड झाडावर कसा लागतो हे कळणे इष्टच आहे. परंतु पाहुण्याला कापणी करणाऱ्या मजुराच्या डोक्यावरील घडाचे वजन, वादळानंतरच्या पंचनाम्याची प्रतीक्षा आणि ‘फरका’चे गणितही सांगितले जावे. अशी भेट ऐकणाऱ्यास जड वाटेल, ही शंका निराधार आहे. मामाच्या गावाला गेलेल्या मुलाला हे सारे कळत होते आणि त्यामुळे त्याची सुट्टी कधी बिघडली नव्हती.

सावद्यातील शेतकरी अजूनही सकाळी ‘बागेत’ जातो. त्या शब्दाला दुसरे, परके नाव मिळण्यापूर्वी, केळीच्या नावावरचा हक्क त्या बागेत राबणाऱ्यांकडे असेल की नाही, हे ठरणे अगत्याचे आहे.